चांदभाईंचा डावा पाय

तमाशाच्या फडाचा ट्रक चालवून चांदभाईंच्या डाव्या पोटरीला जी गाठ आली, ती काम सुटल्यावरही बसली नाही. दसऱ्यापासून उन्हाळ्यातल्या शेवटच्या जत्रेपर्यंत कनाती, पेट्या, ढोलक्या आणि त्यांच्यावर आडवी झालेली माणसं घेऊन त्यांनी गावंच्या गावं तुडवली. त्या जुन्या ट्रकचा गिअर एका क्लचात पडत नसे. क्लच दाबून गिअर काढायचा, पुन्हा क्लच दाबून टाकायचा. चांदभाई तो असा टाकत, की मागं झोपलेला ढोलकीवाला कूससुद्धा बदलत नसे.

पण शेजारच्या सीटवर जन्मभर बसला तो फडाचा मॅनेजर. अमीरबी केडगावात घर सांभाळत राहिल्या. नवरा आज कुठल्या गावी आहे, ते त्यांना लोकांकडून कळायचं. म्हणून भांडगावच्या कारखान्यात असलेल्या अनिसनं, त्यांच्या मुलानं, ऑटोमॅटिक मोटार घेतली तेव्हा चांदभाईंनी एकच हट्ट धरला. "तुझ्या अम्मीला शिरूरला बहिणीकडं मीच नेणार. आन् म्होरं बसवून नेणार."

अनिसनं मोकळ्या माळावर शिकवलं. "ह्यात क्लचच न्हाई, अब्बा. 'डी'वर टाका आन् डावा पाय सीटखाली घ्या. त्याला आता सुट्टी."

"आन् हे 'एम' कशाला?"

"त्यात दांडी हलवून गिअर आपण बदलायचा. तुम्ही त्याच्या नादी लागू नका."

चांदभाई शहाण्यासारखे 'डी'वरच निघाले. चौफुला मागं पडला. अमीरबींनी ठेवणीतली साडी नेसली होती. सीटचा पट्टा गळ्याला काचतो म्हणून तो त्यांनी काखेखालून घेतला होता. पारगावचा पूल ओलांडेपर्यंत त्या कौतुकानं बघत होत्या. मग म्हणाल्या, "अवो, पोरगं चालवतं तशीच चालतीय की ही. तुमची कला कुठं हाय ह्यात?"

झालं. पुढं उसाची ट्रॉली रेंगाळत चालली होती. चांदभाईंनी दांडी 'एम'कडं सरकवली, मागं ओढली. गिअर उतरला, इंजिन भरदार आवाजात गरजलं आणि मोटार ट्रॉलीच्या बाजूनं सपकन पुढं निघाली.

"आता दिसली?"

"दिसली! मॅनेजर खाली का उतरत नव्हता, ते आज कळलं." अमीरबी पोरीसारख्या हसल्या. "ती बघा, अजून एक हाय म्होरं."

बायकोनं वन्समोअर दिला होता. चांदभाई ताठ बसले, आरशात बघून पुन्हा दांडी ओढली. पण या वेळी हाताबरोबर पायही उठला. सीटखालचा डावा पाय त्यांना न विचारता पुढं आला आणि सगळा जोर लावून त्यानं दाबलं. क्लचच्या जागी ब्रेक होता. मोटार कचकन थबकली. पायानं सवयीनं दुसऱ्यांदा दाबलं. मागचा पिकअप शिव्या घालत बाजूनं निघून गेला. अमीरबींचा उजवा हात समोर आपटला होता आणि मनगट वाकडं दिसत होतं.

शिरूरला दवाखान्यात प्लास्टर झालं. अनिस मोटरसायकलवर धावत आला. चांदभाईंनी तोंड उघडायच्या आत अमीरबी म्हणाल्या, "कुत्रं आडवं आलं रे. ह्यांनी वाचवलं बिचाऱ्याला."

अनिसचा चेहरा सैल झाला. "मग ठीक हाय, अब्बा. तुमचा काय दोष? पुढच्या महिन्यात प्लास्टर काढायला तुम्हीच घेऊन या अम्मीला."

गप्प राहिलं असतं तर भागलं असतं. चांदभाईंनी ते पांढरं प्लास्टर पाहिलं. ती गळ्यातली झोळी, तिच्यातून बाहेर आलेली सुजलेली बोटं. ते म्हणाले, "कुत्रंबित्रं काय नव्हतं. माझा पाय व्हता. तो पुन्हा बी येईल."

त्यांनी किल्ली अनिसच्या हातात दिली. अमीरबी इतक्या संतापल्या, की दुखणंही विसरल्या. "खरं बोलायला आजचाच दिवस गावला व्हय तुम्हाला? चाळीस वर्सांनी म्होरं बसले व्हते मी! ह्या पोराला कवा रजा मिळायची आन् कवा न्यायचा तो मला?"

अनिसची मोटरसायकल तिथंच राहिली. तो मोटार चालवायला बसला, चांदभाई मागं बसले. अनिसनं आईसाठी पुढचं दार उघडलं, तर अमीरबी ते डाव्या हातानं ढकलून मागंच येऊन बसल्या, खिडकीकडं तोंड करून. न्हावरा आलं, गेलं. तरी त्यांनी तोंड वळवलं नाही.