पेट्रोलच्या टाकीला लावलेली लाख

हैदराबाद राज्याचे तीन तुकडे झाले आणि मराठी जिल्ह्यांची दप्तरं तिकडे रवाना होऊ लागली, तेव्हा मी हैदराबाद शहरात, कोठी भागातल्या एका सरकारी कचेरीत कारकून होतो. कच्चा, म्हणजे अजून कायम न झालेला, पण तोरा पक्क्याचा. माझं काम एकच, गठ्ठ्याच्या गाठीवर लाख ओतून शिक्का ठोकायचा. हाताला अशी खोड लागली होती की घरी लोणच्याच्या बरणीलाही मी शिक्का मारला. बायको म्हणाली, आता स्वतःच्या तोंडालाही लावून घ्या, घरात जरा शांतता नांदेल.

एके दिवशी गठ्ठे भरलेला ट्रक काचीगुडा स्टेशनाच्या मालधक्क्यावर पोचवायला मला बसवलं. ट्रक पेट्रोलवरचा, लढाईतून उरलेला. चालवणारे चाचा पांढऱ्या दाढीचे, सावकाश बोलणारे. निघतानाच त्यांनी मला सांगितलं की जास्तीच्या ड्रायव्हरांची यादी बनतेय, त्यांच्या नावावर दोनदा उशीर लागलाय, तिसऱ्यांदा लागला की नोकरी गेली. घरात खाणारी सात तोंडं. मी म्हटलं, मग वेळेवर चला की.

पहिल्याच चौकात इंजिन बंद. हँडल मारून मारून चाचा घामाघूम झाले, पण ते ढिम्म. मग मला हँडल फिरवायला लावून त्यांनी प्लगची वायर काढून लोखंडाजवळ धरली. ठिणगी चट्कन उडाली. म्हणजे वीज ठीक होती. पंपाजवळचा पाइप सोडला तर पेट्रोलचा थेंब नाही. टाकी तर काठोकाठ भरलेली! चाचांनी पाइपला तोंड लावून फुंकर मारली, आत बुडबुड झाली आणि पेट्रोल आलं. गाडी सुरू झाली. दोनशे पावलं गेलो आणि पुन्हा बंद.

असं चार वेळा झालं. माझं डोकं भणभणलं. हा म्हातारा मुद्दाम करतोय, पेट्रोल विकायचा डाव असणार, असं मी मनाशी ठरवूनही टाकलं. केबिनमध्ये बसून रागारागात रिपोर्टही खरडला: ड्रायव्हरची हयगय.

चाचा मात्र रस्त्याच्या कडेला उकिडवे बसून विचार करत होते. मग उठले. फुंकर मारली की चालते, फुंकर संपली की बंद पडते, असं स्वतःशीच पुटपुटले आणि थेट टाकीच्या झाकणाकडे गेले. मी टुणकन खाली उडी मारली. कारण त्या झाकणावर माझी लाख होती. निघण्याआधी चाचा जेवायला गेले होते तेव्हा, पेट्रोल चोरीला जाऊ नये म्हणून, मीच ती चांगली जाडजूड थापली होती. हुकुमाशिवाय सरकारी सील तुटणार नाही, असं मी ठणकावलं.

चाचांनी आवाज चढवला नाही. "साब, ढक्कन में बारीक छेद रहता. उसीच से टंकी सांस लेती," ते म्हणाले. पेट्रोल खाली जातं तशी वरून हवा आत यावी लागते. ती नाही आली की पेट्रोल जागचं हलत नाही.

मी वाकून पाहिलं. भोक काही दिसेना, शिक्का तेवढा झकास उमटला होता. शेवटी मीच पेचकसाने लाख फोडली. टाकीने सूंऽऽ करून हवा ओढली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चाचा हसले असते तर बरं वाटलं असतं. एका हँडलात गाडी सुरू झाली. खिशातला रिपोर्ट मी काचीगुड्याला पोचायच्या आत फाडला.

वॅगन मिळाली, पण दोन तास उशीर झालाच होता. चाचांनी गाडीची वही माझ्यापुढे धरली. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. उशिराचं कारण बरोबरच्या कारकुनाने लिहायचं असे.

"पाइप में कचरा था, लिखो साब," ते म्हणाले. "आपकी नोकरी कच्ची है."

पाइपातला कचरा म्हणजे दोष ड्रायव्हरचा, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. शाळेत उर्दू शिकलो होतो, त्या उर्दूतच लिहिलं की टाकीच्या झाकणाला लाख कारकुनाने लावली, ड्रायव्हर बेकसूर आहे. खाली सही ठोकली. मेमो येणार हे दिसतच होतं.

चाचांनी ते वाचून दाखवायला सांगितलं. मी वाचलं. मग त्यांनी ओळीवर बोट ठेवून बेकसूर कुठे लिहिलंय ते विचारलं, आणि मी दाखवल्यावर तेवढाच शब्द पुन्हा एकदा वाचायला लावला.