धानाच्या खोलीतला कॉम्प्युटर

त्या आवाजाची मला अजून शिसारी येते. बटण दाबावं, आतला पंखा फिरायला लागावा, पडद्यावर मात्र काहीच उमटू नये आणि सीपीयूच्या डब्यातून लांब ओढलेली शिटी यावी. पीऽऽ. थांबून पुन्हा पीऽऽ. कॉम्प्युटरला आपली मेमरी सापडत नसली की तो असा ओरडतो. गेल्या वर्षीचा अख्खा हिवाळा आमच्या घराने ही शिटी ऐकली.

आमचं गाव पवनीच्या अलीकडे. घर कवेलूचं, म्हणजे कौलारू, त्याला मागून जोडलेली एकच स्लॅबची खोली. ती धानाची. आमच्याकडे माणसं ओसरीत झोपतात, पाहुणाही ओसरीत झोपतो, पण धान कोरड्या, पक्क्या खोलीत राहतं. उंदीर शिरू नये म्हणून तिच्या खिडकीला बारीक जाळी आणि दाराला खाली पत्रा ठोकलेला. मी पदवीधर झालो तो त्याच खोलीतली पोती विकून, घरातला पहिलाच. म्हणून मी कॉम्प्युटर आणला तेव्हा बाबा म्हणाले, "हा धानाच्या खोलीत राहील." त्यांनी त्याला घरातली सगळ्यात चांगली जागा दिली होती. मलाही ते पटलं. तिथे पाणी गळत नव्हतं आणि धूळही कमी होती.

त्या कॉम्प्युटरवर खरं काम माझी धाकटी बहीण करायची. साकोलीला डिप्लोमा करून ती घरी आली होती आणि नागपूरच्या एका इंजिनिअरने तिला घरांचे नकाशे काढायचं काम देऊन पाहिलं होतं. जमलं तर कायम, नाही जमलं तर संपलं. घरी बसून करता येईल असं दुसरं काम या भागात नव्हतं आणि तिला नागपूरला एकटं राहायला पाठवायला घरचे तयार नव्हते. एवढा एकच दरवाजा उघडा होता, आणि तो त्या डब्याच्या मर्जीवर होता.

दिवाळीनंतर धान आलं, खोली भरली, आणि थोड्याच दिवसांत सुरुवात झाली. नकाशा अर्धा व्हायचा, जिना काढून व्हायचा, आणि प्रोग्रॅम डोळ्यांसमोरून नाहीसा व्हायचा. मेमरीचा अमुक पत्ता वाचता आला नाही, असा निरोप आणि खाली फक्त 'ओके'चं बटण. त्या बटणाचा मला भयंकर राग यायचा. ओके काय त्यात? कधी पडदा निळा व्हायचा, कधी नुसतीच शिटी. एकदा तर तिने पाठवलेली फाईल तिकडे उघडलीच नाही. इंजिनिअरचा फोन आला तेव्हा मी शेजारीच होतो.

"मॅडम, तुमचं काम साफ आहे. पण फाईल खराब येते. आणखी एकदा असं झालं तर मला दुसरा माणूस पाहावा लागेल."

"नाही होणार सर," ती म्हणाली आणि फोन ठेवून माझ्याकडे पाहत राहिली. मी बीएस्सी. घरात कॉम्प्युटरचं काहीही झालं की सगळे माझ्याकडेच पाहतात.

मग माझा उपद्व्याप सुरू झाला. मी अँटिव्हायरस काढला, दुसरा टाकला. मेमरी पुरते का पाहिलं. निम्मी रिकामीच होती. नकाशाचा प्रोग्रॅम उडवून पुन्हा टाकला. इंटरनेटवर सल्ला मागितला तर दहा जणांनी दहा गोष्टी सांगितल्या आणि प्रत्येकाला खात्री होती. पवनीच्या दुकानदाराने तर डबा उघडलाही नाही.

"सर, विंडोज मारून देतो. टेंशनच नाही."

"मागच्या वेळी मारली होती ना?"

"मग पुन्हा मारू ना! विंडोज काय एकदा मारायची गोष्ट आहे का?"

त्याने ती मारली, म्हणजे सगळं पुसून नव्याने टाकली. घरी आल्यावर शिटी पुन्हा तीच. मला त्या दुकानाच्या पायरीचीसुद्धा किळस यायला लागली.

शेवटी मी डबा स्वतः उघडला. रॅमच्या, म्हणजे मेमरीच्या, पट्ट्या काढल्या, त्यांच्या सोनेरी दातांवर खोडरबर फिरवलं, पुन्हा बसवल्या. कॉम्प्युटर सुरू झाला! मेमरीची चाचणी लावली, एकही चूक नाही. बहिणीने खोडरबर देवापुढे ठेवलं. आठवडा बरा गेला आणि पुन्हा तेच. पट्ट्यांची अदलाबदल केली, मग नवी पट्टी आणली. तीही काही दिवस चालली आणि जुनीसारखीच वागायला लागली. चाचणीत लाल ओळी खाली खाली सरकत जायच्या, आणि त्या पाहताना मला नासलेलं दूध तोंडात घेतल्यासारखं व्हायचं.

बाबा लाईनीला दोष द्यायचे. "व्होल्टेज कमीजास्त होऊन राहिलं ना बाबू. मोटर जळते, मग हे काहून नाही जळणार?"

आई बहिणीच्या बाजूने बोलायची, पण टोमणा मारूनच. "दिवसभर त्या डब्यात डोळे घालून बसते. डोकं नाही दुखणार त काय होईल? जेवण जात नाही पोरीले. आग लागो त्या नकाशाले."

बहिणीचं डोकं खरंच दुखायचं. तिला मळमळायचं. पडद्यामुळे होत असेल, असं आम्ही सगळ्यांनी ठरवून टाकलं. भंडाऱ्याला नेऊन चष्मा करून आणला. चष्मा लावूनही डोकं दुखतच राहिलं. धूळ जाऊ नये म्हणून ती दार लावून घ्यायची आणि आत वाकून काम करत राहायची. खोलीत लसणाचा वास असायचा. त्यात नवल नव्हतं. आई लसणाच्या जुड्या तिथेच खुंटीला टांगते.

उलगडा झाला तो देवाच्या तांब्याच्या गडूमुळे. तो त्याच खोलीतल्या कोनाड्यात राहायचा. एके दिवशी आई अंगणात बसून चिंचेने तो घासत होती आणि बडबडत होती. "परवा घासला, आज पुन्हा काळा. एवढा काळा त चुलीवरचा भाताचा गंजही होत नाही."

बहीण ओसरीत रॅमच्या पट्ट्या खोडरबराने पुसत बसली होती. ती हातातली पट्टी घेऊन तशीच उठली आणि आईच्या हातातला गडू घेतला. दोन्ही उन्हात धरले.

"दादा, इकडं ये. हे पाह्य. दोन्हीवरचं काळं एकच नाही का?"

मी पाहिलं. एकच होतं. मग आम्ही खोलीत जाऊन धातूचं जे दिसलं ते पाहिलं. प्लगच्या पिना, कुलपाची किल्ली, वायरचं उघडं टोक. तांब्या-पितळेचं सगळं काळवंडलेलं. मला कॉलेजची प्रयोगशाळा आठवली. वायूशिवाय सगळीकडे असं एकसारखं काळं कोण करणार?

"बाबा, धानात काय ठेवलं?"

"काय ठेवणार? दरवर्षीच्या गोळ्या. कीड लागू नये म्हून."

"कोणत्या गोळ्या?"

"कृषी केंद्रातल्या. फडक्यात बांधून पोत्यांच्या मधात ठेवतो, विरल्या की नव्या. आधी आपण कडुनिंबाचा पाला टाकत होतो, पण त्यानं कीड मरत नव्हती ना."

त्या गोळ्या हवेतल्या ओलाव्याने विषारी वायू सोडतात. त्याला लसणासारखा, सडक्या मासळीसारखा वास येतो. माणसं राहतात तिथे त्या ठेवायच्याच नसतात. दरवर्षी ती खोली बंद असायची, म्हणून कोणाला काही झालं नव्हतं. त्या वर्षी आम्ही तिथे कॉम्प्युटर ठेवला होता, आणि त्याच्यासमोर बहीण.

महिनोन्महिने मी त्या डब्याला शिव्या दिल्या, आणि त्या खोलीच्या हवेत काय मिसळलंय ते तो बिचारा गंजून सांगत होता. तोच वायू माझ्या बहिणीच्या छातीत जात होता आणि आम्ही तिला चष्मा आणून दिला. ज्या धानावर मी शिकलो, त्याच्याकडे मला त्या दिवशी पाहवेना.

दारं-खिडक्या उघड्या टाकून आम्ही दोन दिवस आत पाऊल टाकलं नाही. कृषी सहायकाला बोलावलं. तो बाबांना चांगलाच बोलला आणि ती फडकी त्यानेच बाहेर काढून लांब नेऊन पुरली. डॉक्टरांनी बहिणीला तपासलं. वेळेत बाहेर काढलंत, म्हणाले. मग प्रश्न उरला, कॉम्प्युटर कुठे ठेवायचा. बाबा आधी म्हणाले, "ओसरीत ने." ओसरीत कोंबड्या, चुलीचा धूर आणि कवेलूतून पडणारी माती. शिवाय पारखण्यासाठी दिलेला शेवटचा नकाशा चार दिवसांत द्यायचा होता. बहीण नुसती सीपीयूवर जुनं लुगडं पांघरत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठलो तर बाबा आणि काका पोती बाहेर काढत होते. आमच्या घरात धान खोलीतून बाहेर आलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. बाबांनी ओसरीत विटांवर फळ्या टाकल्या आणि त्यावर पोत्यांची थप्पी लावली. शेजारचे आजोबा काठी टेकत आले.

"काहून बाप्पा, धान बाहेर अन् पोरगी आत?"

"धानाचं डोकं नाही दुखत," बाबा म्हणाले आणि पुढचं पोतं उचललं.

सीपीयूतली रॅमची एक खाच कायमचीच गेली होती. दुसरी साफ केल्यावर चालायला लागली. निम्म्या मेमरीवर, जड फाईल तुकड्यांत उघडत बहिणीने तो नकाशा पूर्ण केला. कॉम्प्युटर हळू चालला, पण बंद पडला नाही. तिने फाईल पाठवली आणि फोन उशाशी घेऊन बसली. बऱ्याच वेळाने उत्तर आलं, "उघडली. पुढच्या दोन घरांची मापं पाठवतो." तिने ते मला वाचून दाखवलं, मग आईला, मग पोत्यांजवळ बसलेल्या बाबांना.

संध्याकाळी मी आईच्या लसणाच्या जुड्या खुंटीवरून काढून स्वयंपाकघरात नेल्या. ती रागावली. "त्यानं काय बिघडवलं तुह्यं?" मी तिला सांगितलं, लसणाने काहीच बिघडवलेलं नाही. पण त्या खोलीत आता कधी लसणाचा वास आला, तर तो कशाचा असेल ते आपल्याला लगेच कळलं पाहिजे.