कौसल्याबाईंचा भुताचा पिच्चर

लग्नं जुळवणं हा कौसल्याबाईंचा धंदा नव्हता, नाद होता. इंदोऱ्याच्या वस्तीत ज्या घरी मुलगा किंवा मुलगी लग्नाची आहे, त्या घरी त्यांच्यासाठी खुर्ची पुसूनच ठेवलेली असे. परिचय मेळाव्यात स्टेजवर उभं राहून बायोडाटा वाचणारी मंडळी वेगळी. कौसल्याबाई मागे, जेवणाच्या टेबलांजवळ उभ्या राहत आणि वाढणाऱ्याला कोण 'दादा' म्हणतो, कोण नुसतंच ताट पुढे करतो, तेवढं बघून घेत. त्यांचा निम्मा निकाल तिथेच लागलेला असे.

उरलेला निम्मा निकाल पिच्चर लावी. मुलगा-मुलगी एकमेकांना पसंत पडली की त्यांना हॉटेलात पाठवायचं नाही, पिच्चरला पाठवायचं, हे बाईंचं शास्त्र. हॉटेलात माणूस चमच्याने खातो, हळू बोलतो, सगळं सोंग. पिच्चर पाहून बाहेर आलेल्या माणसाचा चेहरा मात्र थोडा वेळ तरी त्याचा स्वतःचा असतो, सोंग घ्यायला त्याला उसंत मिळत नाही. हे शास्त्र आजवर कुणाच्या घरी फसलं नव्हतं. फसलं ते नेमकं घरच्याच पोरीच्या वेळी.

पायल ही कौसल्याबाईंची भाची, कामठीला राहणाऱ्या धाकट्या बहिणीची मुलगी. शाळेत विज्ञान शिकवायची. तिच्यासाठी बाईंनी प्रशिक शोधला होता. तो एका आर्किटेक्टकडे नकाशे काढायचा, वाढणाऱ्याला दादा म्हणायचा आणि स्वतःचं ताट स्वतः उचलायचा. दोघं एकमेकांना आवडली होती. येत्या रविवारी साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, ठरलं होतं, हॉल सांगून झाला होता, गांधीबागेच्या बाजारातून कपडे आले होते. राहता राहिला पिच्चर. तो पायलने निवडला आणि तो निघाला भुताचा.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तिचा फोन आला.

"मावशी, माहं नाही जमत. साक्षगंध कॅन्सल कर."

"काहून वं? दारू पेते का तो?"

"नाही."

"दुसरी कोणी हाय?"

"नाही वं मावशी! तो म्हणते, ती बरी झाली."

"कोण बरी झाली?"

"पिच्चरमधली बाई."

कौसल्याबाई हातातली कणीक तशीच घेऊन पलंगावर बसल्या. दारू असती तर इलाज होता, दुसरी असती तर निर्णय होता. पिच्चरमधली बाई बरी झाली म्हणून मोडलेलं लग्न त्यांनी जन्मात ऐकलं नव्हतं.

पिच्चर असा होता. डोंगरातल्या एका गावात नवरा-बायको भाड्याने घर घेतात. त्या घरात एक दार असतं, ते उघडलं की मागे नुसती भिंत. बायकोची बहीण लहानपणी हरवलेली असते. रोज संध्याकाळी त्या दारावर पलीकडून हळूच टकटक होते. बायको विचारते, ऐकलंत? नवरा चहात चमचा फिरवत म्हणतो, मला काही ऐकू आलं नाही. मग बंद गॅसवरचं दूध उतू जातं, आरशावर बहिणीची पिवळी ओढणी येऊन पडते, आणि असं होत होत शेवटी ती बाई ते दार पुन्हा उघडते. या वेळी मागे भिंत नसते. तीच खोली, तेच टेबल, आणि टेबलाशी ती स्वतःच बसलेली, चहात चमचा फिरवत. कुठूनतरी टकटक होते. ती थेट आपल्याकडे बघते, म्हणते, मला काही ऐकू आलं नाही. अंधार. पिच्चर खलास.

हे सगळं बाईंना आधी पायलकडून कळलं, मग त्या तडक प्रशिककडे गेल्या तेव्हा त्याच्याकडून. दोघांनी सांगितलेला पिच्चर एकच होता यावर त्यांचा विश्वास बसेना.

"मावशी, ते दार म्हणजे तिचं दुःख," प्रशिक म्हणाला. "त्याच्या मागं काही नाही, तरी ती उघडून पाहते. नाहीतर घराच्या नकाशात असं दार कोणी काढते का? शेवटी तिले टकटक ऐकू येणं बंद झालं, म्हणजे बरी झाली. साधी गोष्ट आहे. आपण काय भूत मानतो?"

आणि पायल म्हणाली होती, "टकटक होत होती मावशी. नवऱ्यालेही ऐकू येत होती. टकटक झाली का त्याचा चमचा थांबे, मी नीट पाहिलं. तो खोटं बोले. शेवटी तीही त्याच्यासारखं खोटं बोलाले शिकली. बरी कायची झाली? हरली ती. उद्या मी म्हटलं मले काही खुपून राहिलं, तर हा म्हणन, तुह्या मनाचे खेळ."

हे प्रशिकला सांगितल्यावर त्याचा चेहरा पडला. "आणि उद्या मले खरंच काही ऐकू आलं नाही, तर? तर मी जन्मभर खोटारडा?"

कौसल्याबाईंना दोघांचंही पटलं, हीच पंचाईत. पोरं भांडत होती ती उगीच नव्हती. पायलला बापाचं रागावणं, आईचं गप्प राहणं पाहून पाहून धास्ती बसली होती, हे मावशीला ठाऊक होतं. हे स्थळ हातचं गेलं तर ती पुन्हा कुणाला भेटायलाही तयार होणार नव्हती, आणि प्रशिकसारखा पोरगा काही झाडाला लागलेला नव्हता. शेवटी त्यांनी ठरवलं, आपण स्वतः बघायचं. कोण खरं ते डोळ्यांनी पाहून सांगायचं.

आता एक गोष्ट सांगायला हवी. कौसल्याबाईंच्या आजोबांनी छप्पन साली धम्मदीक्षा घेतली तेव्हा देवांच्या जोडीने भुतांनाही घराबाहेर काढलं होतं. तेव्हापासून त्या घरात कुणी भुताला भ्यालेलं नाही, निदान कबूल तरी केलेलं नाही. म्हणून "एकटीले भेव वाटते" असं काही न बोलता त्यांनी नवऱ्याला सांगितलं, "चला, तुम्हाले पिच्चर दाखवते."

देवाजी निघाले. ते कुठेही सांगितलं की निघत. कामठीला पावरलूमवर त्यांचा जन्म गेला होता. रिटायर झाल्यावर घरी बसले ते हळूहळू घुमे होत गेले. बाईंनी स्वयंपाकघरातून हाक मारावी तर ओ नाही. काही विचारावं तर पाठमोरे बसलेले, हूं नाही की चूं नाही. कौसल्याबाई तोंडाळ असल्या तरी मानी होत्या. त्यांनी हाका मारणंच सोडलं. जेवण झालं की ताट समोर नेऊन ठेवायचं, बस्स. दुनियेची लग्नं जुळवणाऱ्या बाईच्या घरात दिवसचे दिवस चार वाक्यांवर निघत होते आणि याचं त्यांना फार वाईट वाटे. कुणाला सांगायची मात्र सोय नव्हती.

दुपारचा खेळ होता. टकटक डावीकडच्या भिंतीतून यायची, अगदी कानाशी, बोटाच्या पेराने वाजवल्यासारखी. पहिल्याच टकटकीला कौसल्याबाईंनी देवाजींचा दंड धरला तो मध्यंतरापर्यंत सोडला नाही. "उघडू नको वं बाई! नवऱ्याले उठव आधी!" त्या पडद्यावरच्या बाईला सांगत होत्या. पुढच्या रांगेतला पोरगा म्हणाला, "आजी, जरा हळू." आजोबांच्या आठवणीने त्यांनी पदर सावरला आणि पुढच्याच टकटकीला त्या पुन्हा ओरडल्या. सगळं थेटर दचकत होतं. देवाजी तेवढे शांतपणे मक्याच्या लाह्या खात होते.

बाहेर येऊन दोघं टपरीवर चहाला थांबले.

"आता सांगा जी," बाई म्हणाल्या, "त्या नवऱ्याले टकटक ऐकू येत होती का नव्हती?"

"कोणती टकटक?"

"झोपले होते का तुम्ही?"

"झोपीन काहून? पूरा पिच्चर पायला," देवाजी म्हणाले आणि खरोखरच सगळा पिच्चर त्यांनी सांगितला. दूध, ओढणी, आरसा, नायिकेच्या बहिणीचं नावसुद्धा. "पोरगी चांगली होती. पन तिले भास होत. काही नसतानी एकदम दचके, दाराकडं पाहे. तो बिचारा खरं सांगे, तर त्याच्यावरच चिडे. शेवटी तिले समजलं. लय बेस शेवट केला."

कौसल्याबाईंनी ग्लास खाली ठेवला. त्या उठल्या, देवाजींच्या डाव्या अंगाला, जरा मागे जाऊन उभ्या राहिल्या आणि टपरीच्या पत्र्यावर बोटाने वाजवलं. मग जोरात वाजवलं. चहावाल्याने वळून पाहिलं, खाली झोपलेलं कुत्रं उठून गेलं. देवाजी चहावर फुंकर घालत बसले होते.

मग त्या त्यांच्या समोर आल्या आणि आवाज न काढता नुसते ओठ हलवले. 'साखर कमी हाय का?'

"नाही वं, बरोबर हाय," देवाजी म्हणाले.

यंत्रमागांच्या खडखडाटात आवाज कुणाचाच पोचत नाही. म्हणून लूमवरची माणसं ओठ वाचून बोलतात, एका टोकाचा माणूस दुसऱ्या टोकाच्या माणसाची थट्टा करतो आणि मधल्याला पत्ता लागत नाही. लग्नाच्या नव्या नवलाईत देवाजींनी हे बायकोला कौतुकाने करून दाखवलं होतं. कौसल्याबाई ते विसरून गेल्या होत्या. समोर उभं राहून बोललं की हा माणूस बरोबर उत्तर देतो आणि पाठ फिरली की मुका होतो, याचा अर्थ त्यांनी भलताच लावला होता.

"कधीपासून जी?" बाईंनी विचारलं.

देवाजी ओशाळले. ग्लासात बघत म्हणाले, "रिटायर झालो तवा समजलं. आधी वाटे, घर लय शांत हाय. मंग ध्यानात आलं. डावा तर गेलाच, उजव्यानं जराजरा येते."

"मंग सांगतलं काहून नाही?"

"लोक बहिरा म्हणते. आणि मले वाटलं, तूच बोलणं सोडलं माह्याशी. म्हटलं असन कायचा राग. थेटरात बोललेलं सगळं समजलं मले. पन टकटकीले ओठ कुठं असते वं?"

भरदुपारी, रस्त्यावर, चहाच्या टपरीसमोर कौसल्याबाई रडल्या. त्यांना स्वतःचा राग आला, नवऱ्याचा आला आणि त्यांच्यावर इतकी माया आली की काय करावं सुचेना. एवढी वर्षं ज्या गप्प बसण्याला त्या रुसवा समजत होत्या तो रुसवा नव्हताच. "उद्याच्या उद्या डॉक्टरकडं चला," त्या त्यांच्या तोंडासमोर तोंड नेऊन म्हणाल्या, आणि देवाजी म्हणाले, "ओरडून नको राहू, समजलं."

शनिवारी त्यांनी पायल आणि प्रशिक दोघांनाही घरी बोलावलं. दोघं दोन खुर्च्यांवर, मधे टेबल, एकमेकांकडे न बघता बसली. कौसल्याबाईंनी काही न सांगता देवाजींना पुढे केलं. देवाजींनी आधी लाजत, मग रंगात येऊन आपला बिनटकटकीचा पिच्चर सांगितला, आणि शेवटी कानाचंही सांगून टाकलं. "मले खरंच नव्हतं ऐकू आलं. आणि हे माह्यावर चिडून राहिली होती."

मग पायल हळूच म्हणाली, "म्हणजे मावशीलेही वाटे, तुम्ही मुद्दाम..."

"वाटे म्हणजे? खात्रीच होती," कौसल्याबाई म्हणाल्या.

प्रशिक सरसावून बसला. "बघ, म्हणजे त्या नवऱ्याचंही तसंच..."

"तू थांब," बाईंनी त्याला अडवलं. "त्या नवऱ्याचं मी काही विचारत नाही. तो मरो. तुले विचारते. उद्या हे म्हणाली, टकटक झाली. तुले नाही ऐकू आली. तू काय करशीन?"

प्रशिक नकाशे काढणारा माणूस, उत्तर आखून द्यायची सवय. त्याने टेबलावर बोटाने एक चौकोन आखला आणि पुसला. पायल आता सरळ त्याच्याकडे बघत होती. पोरीचं सगळं या एका उत्तरावर येऊन थांबलं होतं.

"उठून दार उघडीन," तो म्हणाला.

"आणि मागं भिंतच असली तर?" हे पायलने विचारलं.

"तर सांगीन, मले भिंत दिसून राहिली. तुले काय दिसते ते तू सांग. मी उभा आहे."

पायलचे डोळे भरून आले आणि ती हसली, दोन्ही एकदमच. "आणि तुले ऐकू नाही आलं," ती म्हणाली, "तर मी आधी विचारीन, तुहा कोणता कान माह्याकडं होता."

"माहे दोन्ही चांगले आहेत."

"ते डॉक्टर सांगन," पायल म्हणाली. मग मावशीकडे वळली. "हॉलवाल्याले नाही म्हटलं का तू?"

"नाही म्हणायले येड लागलं का मले!" कौसल्याबाई म्हणाल्या. "उद्या अकराले पोचा सगळे."

पोरं निघाली. गेटाबाहेर पोचायच्या आत त्यांचं पुन्हा सुरू झालं. "पण ती बरीच झाली," प्रशिक म्हणत होता आणि "हरली ती!" असं पायल गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत ऐकू येईल इतक्या जोरात सांगत होती. मधेच दोघं हसली, गाडी सुरू झाली, आणि गाडीच्या आवाजातही भांडण चालूच राहिलं.

देवाजी दारात उभे राहून नुसती त्यांची तोंडं हलताना पाहत होते. गाडी वळली तशी तीही दिसेनाशी झाली.

"काय म्हणून राहिले वं?" त्यांनी विचारलं.

कौसल्याबाईंच्या हातात पळी होती, गॅसवर भाजी होती. त्यांनी गॅस बंद केला, दोन खुर्च्या जवळ ओढल्या, नवऱ्याच्या उजव्या बाजूला बसल्या आणि कोण काय म्हणालं, कोण कधी हसलं, ते सगळं पहिल्यापासून सांगायला लागल्या.