आत्याचं आमेन

आमच्या ख्रिस्ती मंडळीत प्रार्थना सुरू कधी करायची हे पाळकसाहेब ठरवायचे. संपवायची कधी, हे मार्थाआत्या ठरवायची.

पाळकसाहेब मोठ्या मनाचे. प्रार्थनेत कुणी राहून गेलेलं त्यांना सहन होत नसे. आधी मंडळीतले आजारी, मग प्रवासात असलेले, मग परीक्षेला बसलेले, मग बदनापूर तालुका, जालना जिल्हा, राज्य, देश, सरहद्दीवरचे जवान, पाऊसपाणी, आणि तिथून फिरून पहिल्या खेपेला न आठवलेले आजारी. आम्ही डोळे मिटून उभे. वर पत्रे तापलेले. लहान मुलं या पायावरून त्या पायावर. मग जवान आणि पाऊस यांच्यामध्ये कुठेतरी पाळकसाहेब श्वास घ्यायला थांबायचे, आणि तिसऱ्या बाकावरून खणखणीत आवाज यायचा, "आमेन."

लगेच सगळी मंडळी सुटका झाल्यासारखी "आमेन" म्हणायची. एवढ्या लोकांनी म्हटल्यावर पाळकसाहेबांना एकट्याने पुढे जाणं बरं दिसत नसे. तेही म्हणायचे, जरा उशिरा.

"मार्थाबाई, माझं अजून व्हायचं होतं," ते एकदा उपासनेनंतर दारात म्हणाले.

"देवाला कळलं ना, साहेब. माझ्या चुलीवरच्या वरणाला न्हाई कळत."

"पण प्रार्थनेत घाई कशाला?"

"प्रभूच्या पाच भाकरींवर पाच हजार लोकं जेवले अन् बारा टोपल्या उरल्या. का उरल्या? जेवणाआधीची प्रार्थना थोडक्यात आटोपली म्हणून. लांबली असती तर लोकांनी मधीच हात घातला असता."

याला शास्त्रात, म्हणजे बायबलात, आधार आहे का, याचा पाळकसाहेबांनी खरोखर विचार केला. त्यांच्या चेहऱ्यावर तो दिसत होता. मंडळीचा मोबाईलवर ग्रुप झाला तेव्हा त्यांना वाटलं असेल, इथे तरी मोकळीक मिळेल. पण ते लिहीत आहेत असं दिसायला लागलं की आत्या जोडलेल्या हातांचं चित्र आधीच टाकून मोकळी व्हायची.

मी असं कुणाबद्दल पहिल्यांदाच लिहिते आहे, त्यामुळे पुढचं मागे होईल कदाचित. आत्या नात्याने माझी कुणी नव्हती. बदनापूर स्टेशनच्या पलीकडे आमची वीसेक घरांची मंडळी, त्यात तिचं घर आमच्या घराला लागून. जालन्याच्या एका दवाखान्यात तिने तीस वर्षं आयाचं काम केलं होतं. नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं. ती ठेंगणी, गुडघ्यांनी अधू आणि चालताना चपला फटफट वाजवणारी. तिचं नाव शास्त्रातलं, आणि त्या नावाच्या बाईवर अन्याय झाला आहे असं तिचं ठाम मत होतं. प्रभू घरी आले तेव्हा मरीया त्यांच्या पायाशी ऐकत बसली आणि मार्था कामात गुंतली, म्हणून मरीयेचं कौतुक झालं, ही गोष्ट वाचली गेली की आत्या शेजारणीच्या कानात म्हणायची, "बराबर आहे. पण त्या दिवशी प्रभू जेवले का उपाशी गेले, ते लिहायचं राह्यलं."

निवृत्त झाल्यावरही दर गुरुवारी ती सकाळच्या पॅसेंजरने जालन्याला जायची. पिशवीत खोबरेल तेलाची बाटली, दोन फण्या, नेलकटर आणि जुन्या साडीचे धुतलेले तुकडे. सरकारी दवाखान्याच्या बायकांच्या वॉर्डात ज्यांच्याकडे कुणी येत नाही, त्यांचे केस विंचरायचे, नखं कापायची. बस्स. ती म्हणायची, "शिष्यांचे पाय धुवायचं काम प्रभूनं करून ठेवलंय. डोकं आपल्यासाठी राखलं."

मी तिच्या तावडीत सापडले ती पाण्यामुळे.

शुक्रवारी कुणाच्या तरी घरी प्रार्थनासभा असते. सगळे गोल बसतात आणि पाळीपाळीने एकेक जण मोठ्याने प्रार्थना करतो. माझी पाळी दोन माणसांवर आली की मला तहान लागायची. मी हळूच उठून पाणी प्यायला जायची आणि पाळी पुढे गेली की परत यायची. मला वाटायचं, डोळे मिटलेले असतात, कुणाला दिसतंय. एका शुक्रवारी बाहेर येते तर आत्या ओट्यावर बसलेली.

"पाणी प्यायला आल्ती का?"

"हो."

"या घरात माठ मागच्या महिन्यात फुटला. त्यांनी नवा आणलाच न्हाई. मंग तू काय प्याया आलीस?"

मला रडू आलं. प्रार्थनेचं दुःख नव्हतं, कॉलेजचं होतं. माझे वडील बियाण्यांच्या गोदामात पोती उचलतात. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिली. मी जालन्याला कॉलेजला जाते हे ते गोदामातल्या सगळ्यांना सांगतात, अगदी ट्रक घेऊन आलेल्या परगावच्या ड्रायव्हरलासुद्धा. आणि तिथे भूगोलाच्या वर्गात प्रत्येकाने वर्गापुढे उभं राहून सेमिनार द्यायचा होता. माझा विषय गोदावरीचं खोरं. पहिल्या तारखेला मी उभी राहिले, चाळीस तोंडं माझ्याकडे वळली आणि घशातून शब्द निघेना. सरांनी दुसरी तारीख दिली, त्या दिवशी मी गेलेच नाही. आता महिनाअखेरीची शेवटची तारीख होती. मी ठरवून टाकलं होतं, कॉलेज सोडायचं. फक्त वडिलांना कसं सांगायचं, ते ठरत नव्हतं.

हे सगळं मी आत्याला सांगितलं. वाटलं, ती शास्त्रातलं एखादं धीराचं वचन सांगेल. ती म्हणाली, "गुरुवारी पॅसेंजरला ये. येताना तेल आण. माझं संपत आलंय."

वॉर्डाच्या दारात टेबलाशी इनचार्ज सिस्टर बसायच्या. नातेवाइकांशिवाय कुणाला आत सोडायचं नाही हा नियम, आणि नातं वहीत लिहून सही करायची. आत्या खाटांकडे एक नजर टाकायची आणि जी बाई भिंतीकडे तोंड करून पडलेली असेल तिच्याकडे बोट दाखवायची.

"तिची आत्या आहे मी."

"मागच्या गुरुवारी त्या कोपऱ्यातलीच्या आत्या होतात."

"तिची पण आहे."

"तुम्हाला भाऊ तरी किती आहेत हो?"

"आईनं कधी मोजून दिले न्हाईत, सिस्टर. देवबापाला ठावं."

सिस्टर हसायच्या नाहीत. पण वही मात्र पुढे सरकवायच्या.

आत गेल्यावर आत्याचा कायदा वेगळा होता. वॉर्डात शास्त्र उघडायचं नाही, फणी उघडायची. "आजारी माणूस उठून जाऊ शकत न्हाई. त्याला उपदेश करणं म्हणजे बांधून मारणं," ती म्हणायची. कुणी "ताई, तुम्ही कोणत्या देवाच्या?" असं आपणहून विचारलं तर सांगायची, पण तेही वेणी घालून होईपर्यंतच.

पहिल्या दिवशी तिने मला शहागडकडच्या एका म्हातारीच्या मागे बसवलं. मुलगा भरती करून गेला होता, तीन दिवस आला नव्हता. म्हातारी बोलत नव्हती, जेवणाचं ताट तसंच परत जात होतं. केसांचा नुसता गुंता झालेला.

"काय बोलू यांच्याशी?" मी हळूच विचारलं.

"तोंडाशी बोलायला भेतेस ना? मंग डोक्याशी बोल. मागून काय दिसून राह्यलंय तिला."

मी टोकाकडून गुंता सोडवायला घेतला. बोलायला दुसरं काहीच सुचेना, म्हणून सेमिनारच सुरू केला. गोदावरी नाशिक जिल्ह्यात उगम पावते, पूर्वेकडे वाहते, तिच्या उपनद्या अमुक, तिचं खोरं तमुक. पाठ होतंच. वीसेक मिनिटांनी गुंता निम्मा सुटला होता आणि मी आमच्या जिल्ह्याच्या दक्षिण सीमेवरून नदी कशी वाहते ते सांगत होते. तेवढ्यात म्हातारी भिंतीकडेच बघत म्हणाली, "कुठं वाहती?"

माझ्या हातातली फणी थांबली.

"उन्हाळ्यात आमी ती पायी वलांडितो. धरणातून सोडलं तर पाणी, न्हाईतर वाळू. वाहती म्हणं. पुस्तकवाल्याला म्हणावं, चैतात ये, अन् चप्पल घालून ये, पाय भाजतील."

त्यानंतर ती थांबेना. कुठल्या डोहात म्हैस बुडाली, पुलावरून पाणी गेलं तेव्हा कोण कुठे चढून बसलं, सगळं. दुपारी तिने अर्धी भाकरी खाल्ली. परतीच्या गाडीत आत्या खिडकीशी डुलक्या घेत होती. डोळे न उघडता म्हणाली, "म्हातारीला सेमिनार चांगला आला. तुझाबी बरा होता."

महिनाअखेरीला मी सरांकडे गेले आणि चाचरत विचारलं, मला वर्गाच्या मागच्या भिंतीशी उभं राहून बोलता येईल का. सर म्हणाले, "मागून?" मी म्हटलं, "हो सर, डोकी माझ्याकडे, तोंडं फळ्याकडे." सरांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, बोल. चाळीस डोक्यांशी मी वीस मिनिटं बोलले. कुणाला तेल लावायची गरज आहे हेही मधूनमधून दिसत होतं. चैतातल्या वाळूचं सांगितलं तेव्हा काही डोकी मागे वळली, पण तोवर मी शेवटच्या पानावर आले होते. वडिलांना सांगायची वेळ आली नाही.

आत्याला सांगितलं तर ती इतकी हसली की ठसका लागला. मग म्हणाली, "अर्धं झालं. तोंडं राह्यली."

त्या थंडीत आत्याच्या छातीत पाणी झालं. तिला त्याच वॉर्डात ठेवलं. सिस्टरांनी मला नातं विचारलं नाही. मी रोज कॉलेजमधून जाऊन तिचे केस विंचरायची. होते तरी किती, करंगळीएवढी वेणी.

तिसऱ्या दिवशी पाळकसाहेब आले. खाटेशी उभे राहून त्यांनी प्रार्थना सुरू केली. आत्या, मग शेजारच्या खाटा, मग डॉक्टर, मग परिचारिका, मग औषधं बनवणारे. मी डोळे किलकिले केले तर तोंडावर मास्क लावलेली आत्या माझ्याकडे बघत होती. तिने भुवया उडवल्या. मला कळलं ती काय सांगते आहे. पाळकसाहेब श्वासाला थांबले. मी खाली बघितलं. ते पुन्हा सुरू झाले, पुन्हा थांबले. मी तशीच. शेवटी आत्याने मास्क बाजूला ओढला आणि म्हणाली, "आमेन." आवाज दोऱ्याएवढा होता.

ते गेल्यावर ती बराच वेळ श्वास गोळा करत राहिली. मग म्हणाली, "भित्री. मला मास्क काढाया लावला." आणि थोड्या वेळाने, "पुढच्या बारीला मला न्हाई काढता येणार."

दोन दिवसांनी, शनिवारी सकाळी, आत्या गेली.

कबरस्तानात मंडळी होती, तिच्या जुन्या दवाखान्यातल्या बायका होत्या, आणि कुठून कळलं कोण जाणे, डोक्यावर पदर घेतलेल्या सात-आठ अनोळखी बायाही होत्या. पेटी कबरीवर आडव्या टाकलेल्या फळ्यांवर ठेवलेली. चौघांनी दोर हातात घेतले होते, त्यात माझे वडील. पाळकसाहेबांनी प्रार्थना सुरू केली. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "आणि शेवटी, हे स्वर्गीय पित्या..."

चौघांपैकी एक जण भोकरदनहून आलेला, आत्याचा लांबचा नातलग. त्याला आमचे पाळकसाहेब माहीत नव्हते. "शेवटी" ऐकून त्याने फळ्या काढायची खूण केली, आणि फळ्या निघाल्या. पण पाळकसाहेबांचं "शेवटी" मधोमध यायचं, हे आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं. पेटी चौघांच्या हातांवर लोंबकळत राहिली आणि प्रार्थना तालुक्यातून जिल्ह्यात गेली.

मी डोळे उघडले. वडिलांच्या मानेच्या शिरा तट्ट फुगल्या होत्या. क्विंटलची पोती उचलणारा माणूस, पण त्यांचेही हात थरथरत होते. पाळकसाहेब श्वासाला थांबत होते, नेहमीपेक्षा जास्त वेळ थांबत होते. मान किंचित वाकडी करून, कान देऊन. काही ऐकू आलं नाही की बिचारे पुन्हा सुरू. जवान झाले, पाऊस झाला, आजारी दुसऱ्यांदा झाले. त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं. तेव्हा मला कळलं. वीस वर्षांत या माणसाने स्वतःची प्रार्थना स्वतः कधी संपवलीच नव्हती. त्यांना ते येतच नव्हतं.

ते पुन्हा थांबले.

"आमेन," मी म्हटलं.

माझ्या कल्पनेपेक्षा ते फारच मोठ्याने निघालं. सगळ्यांचे डोळे एकदम उघडले आणि सगळी तोंडं माझ्याकडे वळली. कॉलेजच्या वर्गात होती त्याच्या तिप्पट असतील. मी खाली बघितलं नाही. मग मंडळी म्हणाली, "आमेन." सर्वांत शेवटी, डोळे पुसत, पाळकसाहेब म्हणाले. वडिलांनी आणि त्या तिघांनी दोर सैल सोडले आणि आत्या हळूहळू खाली गेली.

गुरुवारी मी एकटीच पॅसेंजरने गेले. पिशवी तिचीच होती, तेल माझं. सिस्टर टेबलाशी होत्या. वॉर्डात खिडकीजवळच्या खाटेवर एक सत्तरीची म्हातारी भिंतीकडे तोंड करून पडली होती. मी तिच्याकडे बोट दाखवलं.

"तू तिची कोण?" सिस्टरांनी विचारलं.

"आत्या," मी म्हटलं.

सिस्टरांनी म्हातारीकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. मग वही पुढे सरकवली.