दिग्रसात बर्फ पडत नाही

आमच्या दिग्रसात बर्फ पडत नाही. ही बातमी सर्वांत आधी मी छापून जाहीर केली.

त्याचं असं झालं. कापसाचे दिवस वाईट होते. खरेदी केंद्रापुढे गाड्यांची रांग, फाटकावर ‘काटा बंद’ची पाटी, आणि पाटीच्या सावलीत उभे राहून पडेल भावात माल मागणारे व्यापारी. आमचे बाबा ज्या जिनिंगमध्ये फिटर होते, तिचा भोंगा ऐन हंगामात मुका झाला होता. नेमक्या त्याच दिवसांत आमच्या भाऊंनी (नाव सांगत नाही, असे एक भाऊ प्रत्येक गावात असतात, चौकातल्या बॅनरवर हात जोडलेले) गावच्या महिला व्यायामशाळेला एक परदेशी मशीन भेट दिली.

मशीन कशाची? बर्फाची! थंड देशातले लोक म्हणे पायांना फळ्या बांधतात आणि दोन्ही हातांतल्या काठ्या रेटत बर्फावरून घसरत जातात. तोच हातांचा व्यायाम घरात व्हावा म्हणून ही मशीन. माणसापेक्षा उंच खांब, वरून लोंबणाऱ्या दोन दोऱ्या, दोऱ्यांना मुठी. मुठी धरून खाली ओढायचं, की डोक्यावरचा पंखा घोंघावतो. सैल सोडलं की दोऱ्या आपोआप वर. त्यानं दंड, खांदे, पाठ मजबूत होतात म्हणे.

माझं डोकं फिरलं!

मी तेव्हा कॉलेजातून नुकतीच सुटले होते आणि एका युवक संघटनेत पत्रकं लिहीत होते. पत्रकाची रीत मला पाठ होती: वर आरोळी, मध्ये आरोप, खाली सवाल. हळूहळू मी बोलायलाही तशीच लागले. वरणात मीठ कमी पडलं तरी मी विचारायचे, “याला जबाबदार कोण?” (जबाबदार माय असायची. उत्तरही तीच द्यायची. उत्तर लाटण्याएवढं लांब असायचं.) माझं नाव करुणा. ज्यांनी ठेवलं त्यांची दिशाभूल झाली होती.

पत्रक एका बैठकीत लिहून झालं. वर: ‘कापसाला भाव नाही, अन् भाऊंना बर्फ पाहिजे!’ मध्ये: दिग्रसात बर्फ पडत नाही, पडला नव्हता, पडण्याची शक्यता नाही. खाली सवाल: ‘या मशीनचा दिग्रसच्या जनतेला काय उपयोग? उत्तर द्या!’

आता घरची परिस्थिती सांगते, म्हणजे माझी अक्कल किती होती ते कळेल.

माझी धाकटी बहीण मीना पोलीस भरतीची तयारी करत होती. बाबांचं काम बंद, माझी कमाई म्हणजे टाळ्या. तेव्हा सगळ्या घराची भिस्त मीनावर होती. धावण्यात ती हरीण होती. घोडं अडलं होतं गोळाफेकीत. चार किलोचा लोखंडी गोळा तिच्या हातातून सुटायचा आणि पाळलेल्या कुत्र्यासारखा तिच्या पायाशीच येऊन बसायचा. मैदानी चाचणी तोंडावर आली होती आणि गोळा काही तिला सोडून जायला तयार नव्हता.

त्याच सुमारास मीना आणि माय रोज सकाळी बाहेर जायला लागल्या.

“कुठं चालल्या?” मी एकदा विचारलं.

“गिरणीत,” माय म्हणाली.

“रोज?”

“तुले पोया रोज लागतेत नं?”

“मंग डबा कुठाय?”

“डबा गिरणीतच ठेवला. तू लिही नं तुहं, कायले डोकं लावतं?”

मी लिहीत बसले. दोघी घामाघूम होऊन परत यायच्या. पीठ कधी दिसलं नाही. संध्याकाळी दोघी एकमेकींच्या दंडांना बाम चोळत बसायच्या. “माय, तुले काय झालं हाताले?” तर म्हणे, पोया लाटून दुखून राह्यले. मला ते पटलं! मुंबईत मंत्री काय शिजवतो ते मला दिग्रसात बसून कळायचं. माझ्याच घरात काय शिजतंय, त्याचा वासही आला नाही.

पत्रक मी घरात मोठ्यानं वाचून दाखवलं. टाळी कुणी वाजवली नाही. मीनाच्या हातातला घास हातातच राहिला.

“ताई, मशीन काढून टाकतीन काय?”

“टाकलीच पाहिजे!”

“भरती झाल्यावर टाकली तं?”

“भरतीचा काय संबंध?” मी कडाडले.

मीनानं मायकडे पाहिलं, मायनं बाबांकडे, बाबांनी छताकडे. मग माय म्हणाली, “खाय, पोई थंडी होते.”

आंदोलनाच्या दिवशी व्यायामशाळेपुढे बरीच गर्दी जमली. बाजाराचा दिवस होता. आमच्या संघटनेचा संतोष भोंगा घेऊन हजर होता. संतोषचं काम एकच, घोषणा देणं, आणि एकदा सुरू झाला की त्याला थांबवायला वीज जावी लागायची. आमचा बेत साधा होता: आत जायचं, मशीनला काळ्या फिती बांधायच्या आणि ती किती निरुपयोगी आहे हे मी स्वतः करून दाखवायचं.

“फिती?” मी हात पुढे केला.

संतोषनं खिसे चाचपले. “ताई, थ्या तं मागच्या आंदोलनातच संपल्या.”

निषेध म्हटला की काही तरी काळं बांधलंच पाहिजे, ही आमची शिस्त. त्याशिवाय निषेध लागू होत नाही! माझी ओढणी काळी होती. ती दोन्ही खांद्यांवर पिना लावून पक्की केलेली होती. पिना कोण काढत बसतं? मी ओढणीची दोन्ही टोकं उचलली आणि मशीनच्या दोन मुठींजवळ दोऱ्यांना करकचून गाठी मारल्या. आता मागे वळून पाहताना वाटतं, की फाशीच्या कैद्यालासुद्धा एवढं काम स्वतः करावं लागत नसेल.

दारं-खिडक्या माणसांनी भरल्या. मी मुठी धरल्या, खाली ओढल्या, पंखा घोंघावला.

“पाहा, लोकहो!” मी ओरडले. “एवढं ओढून माणूस कुठं पोचतो? जिथल्या तिथं! तशीच या भाऊंची कामं!”

टाळ्या पडल्या. जन्मात एवढ्या टाळ्या मिळाल्या नव्हत्या. त्या नादात मी उजवी मूठ आवळून वर उगारली, डावीही उगारली आणि गरजले, “धिक्कार असो!”

मूठ आवळायची तर हातातलं सोडावं लागतं. सोडलं.

सुर्रर्रकन दोऱ्या वर गेल्या. दोऱ्यांबरोबर गाठी, गाठींबरोबर ओढणी, आणि ओढणीबरोबर पिना लावलेले माझ्या कुर्त्याचे दोन्ही खांदे! ओढणी वरच्या चाकांना जाऊन भिडली आणि मी वाळत घातलेल्या कपड्यासारखी चवड्यांवर लटकले. खांदे कानांपर्यंत, हात वर, तोंडातून आवाज नाही. कशीबशी एक मूठ सापडली, मग दुसरी. सगळा जोर लावून खाली ओढलं की टाचा जमिनीला टेकत. जरा सैल पडलं की पुन्हा वर! म्हणजे जमिनीवर राहायचं तर मशीन ओढत राहणं भाग होतं.

मी ओढायला लागले. पंखा घोंघावायला लागला. गर्दी खूश!

“काय जोर हाय बापा पोट्टीत!” खिडकीतली एक म्हातारी म्हणाली.

“अजून वढा, ताई! सोडू नका!”

मी डोळ्यांनी संतोषला खुणावलं, की मला सोडव. त्याला वाटलं, घोषणा कमी पडल्या. त्यानं भोंगा तोंडाला लावला. “करुणाताई, आगे बढो!” गर्दी म्हणाली, “हम तुम्हारे साथ हैं!” मी खाली. मी वर. मी खाली. एक वार्ताहर पटापट फोटो काढत होता.

तेवढ्यात भाऊ आले. त्यांना कुणी तरी बोलावलंच होतं. दारात उभे राहून त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि त्यांचा चेहरा बॅनरवरच्यापेक्षा फुलला.

“पाहा, पाहा! इरोध कराले आल्या होत्या, अन् आता मशीन सोडाले तयार नाहीत!”

धरती दुभंगावी आणि मला पोटात घ्यावं, असं वाटलं. पण धरतीवर माझे पाय टेकतच कुठं होते?

मग आतल्या खोलीचं दार उघडलं आणि बाहेर आल्या मीना आणि माय. घामाघूम.

मीना शांतपणे म्हणाली, “ताई, हात सोडू नको. गुडघे वाकव. जोर कंबरेतून लाव. ये खाली.”

मी तसं केलं आणि काय आश्चर्य, आले की खाली!

“तुले कसं माहीत?” मी धापा टाकत विचारलं.

मीनानं मान खाली घातली. “गिरणीत शिकली.”

मला कळायला तेवढा एक शब्द पुरला. मशीन व्यायामशाळेत आल्यापासून दोघी तिच्यावर पीठ दळत होत्या, आणि आमचा मोर्चा येताना पाहून आत लपल्या होत्या. “पिना काढ आधी तिच्या. येडी कुठची!” असं म्हणत मायनं चारचौघांत मला मशीनपासून वेगळं केलं. सुटलेली ओढणी वर गेली ती चाकांत रुतली, आणि एक दोरी तटकन तुटली.

भाऊंनी वर पाहिलं. चाकं जाम, एक दोरी तुटलेली. त्यांनी किल्ली मागवली, दाराला कुलूप घातलं आणि मला हात जोडले. “घ्या ताई. मशीन बंद. तुमची मागणी मान्य!”

माझं आयुष्यातलं पहिलं यशस्वी आंदोलन! मी घरी चोरासारखी आले. मीना कोपऱ्यात गोळा मांडीवर घेऊन रडत होती. मायनं लाटणंही उचललं नाही, तेव्हा मला खरी भीती वाटली. बाबा तेवढे म्हणाले, “मागणी मान्य झाली म्हणते. पेढे आणू काय?”

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो. खाली ओळ: ‘नव्या मशीनवर जोमाने सराव करताना युवा कार्यकर्त्या करुणाताई. कौतुकाने पाहताना भाऊ.’

मीना त्या फोटोकडे बघून म्हणाली, “तुही ढब चुकली, ताई. कोपरं बाहेर हायत.” तिचे डोळे सुजलेले होते. मी चपला घातल्या आणि सरळ भाऊंच्या घरी गेले. मानेला वाकायची सवय नव्हती. ती तिथं लागली.

“कुलूप काढा, भाऊ. मशीन माझे बाबा दुरुस्त करून देतील.”

“काढतो नं,” भाऊ चहा ओतत म्हणाले. “पण जनतेत गैरसमज पसरला ना, ताई. तुमचं पत्रक लोक आवडीनं वाचतेत. एक मशीनच्या फायद्याचं पत्रक होऊन जाऊ द्या.”

लिहिलं. दंड, खांदे, पाठ, सगळ्यांचे फायदे लिहिले. पण शेवटी सवाल असल्याशिवाय माझ्या हातून पत्रक संपत नाही. म्हणून खाली लिहिलं: ‘दिग्रसला इतकी उत्तम मशीन मिळाली, याला जबाबदार कोण? भाऊ!’ आणि ते एसटी स्टँडवर मीच वाटलं. संतोषनं दोनदा वाचलं.

“ताई, हे छापखान्याची चूक हाय काय?”

“नाही. माझी.”

बाबांनी जिनिंगच्या रेच्यात अडकलेला कापूस काढावा तशी माझी ओढणी चाकांतून काढली आणि दोरी बदलली. काम करताना ते बऱ्याच महिन्यांनी शीळ घालत होते. मीना पुन्हा गिरणीत जायला लागली. या खेपेला डबा न्यायचं नाटक नव्हतं. सोबत मी होते, घाम पुसायला टॉवेल घेऊन. चाचणीच्या दिवशी यवतमाळच्या मैदानावर मीनानं गोळा फेकला, आणि तो हरामखोर कुत्रा एकदाचा घर सोडून लांब पळाला! मीना भरती झाली. या वेळी बाबांनी पेढे खरंच आणले.

त्यानंतर वर्ष-दीड वर्ष गेलं. कापसाचे दिवस तसेच होते, मीही तशीच. यवतमाळला आमचा मोर्चा गेला आणि मी नेहमीप्रमाणे सरकारी फाटकासमोर आडवी पडले. हलणार नाही म्हणजे नाही! एवढ्यात मागून माझ्या दोन्ही काखांत दोन हात आले. ओळखीच्या बामाचा वास आला.

“ताई,” कानाशी हळूच आवाज आला, “अंग सैल सोडू नको. गुडघे वाकव.”

आणि तिनं एकटीनं मला पोत्यासारखं उचललं आणि पोलिसांच्या गाडीत नेऊन बसवलं. संतोष आधीच आत बसला होता. त्यानं आ वासला होता.

“केवढी ताकद हो, ताई! काय खाते काय थे पोट्टी?”

मला माझं ते पहिलं पत्रक आठवत होतं. या मशीनचा दिग्रसच्या जनतेला काय उपयोग, उत्तर द्या, असं मी छापून विचारलं होतं. भाऊंनी शेवटपर्यंत उत्तर दिलं नाही. ते शासनानं दिलं. माझ्याच काखांत हात घालून, गुडघे वाकवून, कंबरेतून जोर लावून.