अश्वजितचा जबाब

नाचणगावच्या प्रौढ साक्षरता वर्गात सुलोचनाबाईंनी आणि मी एकाच सतरंजीवर बसून अक्षरे गिरवली. वाचनाच्या सरावासाठी मी त्यांच्या घरी जात असे. तेथेच त्यांच्या मुलाची, अश्वजितची, ओळख झाली.

अश्वजित परदेशी प्रवासी जहाजाच्या भटारखान्यात कामाला होता. एके दिवशी समुद्र खवळला, जहाज कलले आणि कोठाराचा कडी मोडलेला लोखंडी दरवाजा त्याच्या उजव्या हातावर आदळला. सुपरवायझरने तेथेच दम भरला, "झोपायच्या खोलीत मस्ती करताना लागलं, असं सांग. नाहीतर पुन्हा जहाजावर पाय ठेवता येणार नाही." अश्वजित घाबरला. जहाजावरील डॉक्टरांना त्याने तसेच सांगितले. पुढच्या बंदरावरून त्याला घरी धाडण्यात आले. आईलाही त्याने तेच सांगितले.

गावात तो हात खिशातच ठेवी. शेजारचे कवडूभाऊ हटकत, "काऊन गा जहाजवाले, खिशात डॉलर भरून आनले का? हात काई बाहेर येत नाई!" तो हसे, पण खिशातली बोटे वळत नव्हती. फोन थरथरला की तो उठून अंगणात जाई. त्याला जहाजावर नोकरी लावून देणारा मुंबईचा एजंट बजावत असे, "तोंड उघडलंस तर तुझं नाव सगळ्या कंपन्यांकडे जाईल. अनुपचंही." आर्वीचा अनुप अजून त्याच भटारखान्यात होता आणि अपघात त्याच्या डोळ्यांदेखत घडला होता.

आईला न सांगता अश्वजित वर्ध्याच्या वकील मेघाताईंना भेटून आला होता. त्यांनी त्याला समजावले होते, की कामावर इजा झाल्यास उपचार आणि करारात ठरलेल्या मुदतीपर्यंतचा पगार मागण्याचा कामगाराला हक्क आहे. धाकापोटी खोटे सांगितले म्हणून तो हक्क आपोआप बुडत नाही. मात्र घडले ते स्वतःच्या तोंडाने सांगावे लागेल. अश्वजित मान डोलावी आणि आजचे उद्यावर ढकली.

अखेर अनुपचाच फोन आला. "अश्व्या, तो दरवाजा अजून तसाच हाय बे. काल माह्या बोटाले चाटून गेला. तू सांगून टाक, मी साक्ष देतो."

"तुही नोकरी जाईन ना."

"अन् हात गेल्यावर काय तोंडानं भांडे घासू?"

अश्वजितने फोन ठेवला. त्याने मेघाताईंना घरी बोलावून घेतले. त्यांनी जबाब रेकॉर्ड करण्यासाठी मोबाइल समोर ठेवला. सुलोचनाबाई चहा मांडायला उठल्या, तोच त्याने डाव्या हाताने त्यांचा पदर धरला.

"माय, मी तुलेबी खोटं सांगतलं होतं. आता खरं सांगून राह्यलो. माहं बोलनं होईस्तोर इथंच बसजो."