मागे रेलायच्या खुर्च्या

तळेघरच्या आमच्या घरात चार लाकडी खुर्च्या आहेत. चारही मागच्या पायांपाशीच खिळखिळ्या झाल्या होत्या. वडील आणि त्यांचे मित्र वादाला बसले की पुढचे पाय उचलून मागे रेलत. एकजण पत्रक मोठ्यानं वाचायचा, दुसरा रेलून म्हणायचा, हे साफ चूक आहे. मी अक्षरं त्या पत्रकांवरच शिकले. आता वडील नाहीत. मित्रांपैकी कोणी मुलाकडे चाकणला गेलं, कोणी मंचरला. घरात मी एकटी, आणि मी सरळ बसते. वाद घालायला समोर कोणीतरी लागतं.

गावची दुपारची एसटी बंद झाली तेव्हा मी रविवारी घरी गावकऱ्यांची बैठक बोलावली. मंडपवाल्याच्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या आणता आल्या असत्या. नाही आणल्या. ज्या खुर्च्यांवर बसून वडिलांनी आणि त्यांच्या मित्रांनी एकदा गावाला ही एसटी मिळवून दिली, त्यांच्यावर बसूनच ती परत मागायची, हे माझ्या डोक्यात पक्कं होतं.

आधी मी खुर्च्यांच्या सांध्यांत नुसता नवा गोंद ओतला. तो आतल्या जुन्या, वाळलेल्या सरसाच्या थरावरच बसला, लाकडाला भिडलाच नाही. सकाळी खुर्चीचा पाय हातात. मग सगळे सांधे उकलले, जुना सरस चाकूनं खरवडला, रुंदावलेल्या खाचांत बांबूच्या पातळ पाचरी घातल्या. गोंद लावून दोरी गुंडाळली, दोरीत काठी अडकवून पीळ भरला. दोऱ्या सोडेपर्यंत जमिनीवर बसून जेवले.

रविवारी शेजारचे तात्या तेवढे आले. बाकीच्यांचं वडापच्या खाजगी जीपनं भागतंय, म्हणाले. खुर्चीच्या कडेला, हात गुडघ्यांवर ठेवून बसले. मी म्हटलं, रस्ता अडवू. ते म्हणाले, बराबर. मग मी मुद्दाम म्हटलं, जीपा कायमच्या बंदच पाडू. तेही बराबर.

"तात्या, जरा रेलून बसा. माझं चुकत असेल तर चुकतंय म्हणा."

"नगं पोरी. एवढी राबून नीट केलीस, मोडंल. तू म्हनतीस ते बराबरच आसंल."

चहा पिऊन त्यांनी खुर्ची भिंतीला लावून ठेवली आणि गेले.

मग मी तीच खुर्ची पुढं ओढली, बसले, पुढचे पाय उचलले आणि मागे रेलले. सांधा करकरलासुद्धा नाही. समोरच्या तीन खुर्च्या रिकाम्या, चांगल्या घट्ट उभ्या होत्या.